फुली-गोळा

"मामा, फुली म्हणजे चूक ना? मग 'हो' म्हणायला फुली का दाबायची?"

माझी भाची दुसरीत आहे. प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर तिच्या हातात पहिल्यांदाच आला होता आणि पडद्यावर तिला फुली दाबायला सांगत होते. मी "इथं तसंच असतं गं" म्हणून वेळ मारून नेली. नंतर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. शाळेच्या वहीत लाल फुली म्हणजे चूक आणि गोळा म्हणजे भोपळा. दोन्ही खुणा घरी दाखवण्यासारख्या नाहीत. तरी गेली पंधरा-सोळा वर्षं माझा उजवा अंगठा मुकाट्याने फुलीला 'हो' आणि गोळ्याला 'मागे चल' म्हणतो आहे. हे त्याला शिकवलं कुणी?

उत्तर शोधायला निघालो आणि लक्षात आलं, की भाचीसारखाच प्रश्न जपानमध्ये लाखो लोकांना २०२० साली पडला होता.

प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ रोजी आलं. त्याच्या कंट्रोलरवर अक्षरांऐवजी चार आकृत्या होत्या. त्या तेइयू गोतो या डिझायनरच्या. त्यांनी पुढे सांगितलेला हिशोब साधा आहे: त्रिकोण म्हणजे दृष्टी, कुठे बघायचं ते. चौकोन म्हणजे कागद, म्हणजे यादी किंवा मेनू. गोळा म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही. जपानी मुलाला यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. तिथे बाई बरोबर उत्तराभोवती गोल काढतात. फुली म्हणजे चूक, आपल्यासारखीच. पण अमेरिकेत आणि युरोपात खेळ गेले तसं बहुतेक ठिकाणी उलट झालं. अंगठ्याच्या सर्वांत जवळचं बटण फुलीचं, म्हणून फुली 'हो' झाली. आपल्याकडे आली ती हीच रीत.

ही दुफळी पंचवीस वर्षं चालली. मग प्लेस्टेशन ५ आलं आणि सोनीने जपानमध्येही फुलीला 'हो' केलं. म्हणजे माझ्या भाचीच्या मताचे लोक जिथे बहुसंख्य होते, तिथेच त्यांचा पराभव झाला. नवं यंत्र जुने खेळ चालवत होतं, पण जुन्या अंगठ्याला मात्र त्याने पुन्हा पहिलीत बसवलं.

इथे मला एक गोष्ट कळली. नव्या यंत्राने जुने खेळ चालवणं, ज्याला सगळे 'बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी' म्हणतात, ती दोन अर्ध्यांची गोष्ट आहे. यंत्राला जुना प्रोग्रॅम कळला पाहिजे, हा एक अर्धा. हाताला जुनी बटणं सापडली पाहिजेत, हा दुसरा. पहिल्या अर्ध्याची जाहिरात होते. दुसरा बहुतेकदा न सांगताच गळून जातो.

ओरडून मारायचा राक्षस

सुरुवातीला कंपन्यांना पहिल्या अर्ध्याचीही फिकीर नव्हती. अटारीचा १९७७ सालचा कन्सोल, पुढे ज्याचं नाव २६०० पडलं, तो एक दांडा आणि एक बटण एवढ्यावर घराघरांत पोचला. १९८२ मध्ये अटारीने ५२०० आणला. त्यात २६०० चे खेळ चालत नव्हते. त्यासाठी वेगळा जोड नंतर विकायला काढला. शिवाय त्याचा दांडा सोडला तरी मधोमध परत येत नसे. म्हणजे नव्या यंत्राने जुने खेळही घालवले आणि हाताची सवयही. १९८६ मध्ये सर्वत्र विक्रीला आलेल्या अटारी ७८०० मध्ये मात्र २६०० चे खेळ थेट लागत. त्यासाठी जुन्या यंत्रातली चित्र आणि आवाज सांभाळणारी चिप नव्यातही ठेवली होती. तोवर अमेरिकेतला बाजार कोसळून गेला होता आणि जपानचा निन्टेन्डो पुढे निघाला होता.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जुलै १९८३ चा. त्याचे दोन्ही कंट्रोलर वायरीने यंत्राला कायमचे जोडलेले, आणि दुसऱ्या कंट्रोलरमध्ये एक छोटा माइक. १९८६ च्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' मध्ये पॉल्स व्हॉइस नावाचे मोठ्या कानांचे राक्षस आहेत. त्यांना आवाज सहन होत नाही. जपानी मुलं दुसरा कंट्रोलर तोंडाशी धरून ओरडायची आणि राक्षस मरायचे.

हाच खेळ अमेरिकेत गेला तेव्हा तिथल्या निन्टेन्डोच्या कंट्रोलरमध्ये माइक नव्हता. तिथे ते राक्षस बाणाने मरतात. पण पुस्तिकेत ओळ तशीच राहिली: यांना मोठा आवाज आवडत नाही. ज्या मुलाच्या यंत्राला कानच नाहीत, त्याला ही सूचना! खेळ तोच, राक्षस तोच, फक्त ओरडण्याची मजा समुद्र ओलांडताना बुडाली.

आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून जे खोकं मिळायचं, ते बहुतेकदा याच फॅमिकॉमची नक्कल असायचं. पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं, आणि प्रत्यक्षात दहा-बारा खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा. पण एक गोष्ट त्या नकलांनी नकळत साधली होती. कुठल्याही दुकानातलं खोकं, कुठल्याही मित्राची कॅसेट. लावली की चालायची. सगळे एकाच मूळ यंत्राची नक्कल करत असल्यामुळे आमच्या पिढीला अनेक वर्षं 'हे जुनं, हे नवं' असा भेदच माहीत नव्हता. जगात फॅमिकॉमनंतरचं यंत्र १९९० मध्ये आलं, आणि त्यात फॅमिकॉमचे खेळ चालत नव्हते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

दारावर बसलेला निवृत्त कारकून

जुने खेळ नव्यात चालवायची सर्वांत सरळ युक्ती म्हणजे जुन्या यंत्राचा मेंदूच नव्या यंत्राच्या पोटात ठेवायचा. सेगाच्या १९८८ च्या मेगा ड्राइव्हमध्ये आधीच्या मास्टर सिस्टिमचा प्रोसेसर होता. एरवी तो आवाजाचं काम बघायचा, आणि एक जोड लावला की जुने खेळ चालवायचा. २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्समध्ये जुन्या गेम बॉयसाठी वेगळा प्रोसेसर होता.

या युक्तीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे मार्च २००० मध्ये जपानमध्ये आलेलं प्लेस्टेशन २. पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर त्यात होता, पण तो नुसता बसून नव्हता. नवा खेळ चालू असताना तो कंट्रोलर, मेमरी कार्ड यांची आवक-जावक सांभाळायचा. निवृत्त कारकुनाला दारावर खुर्ची द्यावी आणि कुणी जुनी फाइल मागितली की त्यालाच हाक मारावी, तसं. जुने कंट्रोलर आणि जुनी मेमरी कार्डंही त्याच खाचांत बसत. दोन्ही अर्धे शाबूत. प्लेस्टेशन २ जगभरात १५ कोटींहून अधिक विकलं गेलं. आजवर कुठलाही घरगुती कन्सोल इतका विकला गेलेला नाही.

मग प्लेस्टेशन ३ आलं आणि दोन्ही अर्धे एकाच यंत्रात तुटले.

नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या पहिल्या यंत्रांत प्लेस्टेशन २ च्या चिप्स होत्या. पण अमेरिकेत किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती आणि त्यावर ओरड झाली. मार्च २००७ मध्ये युरोपात गेलेल्या यंत्रातून मुख्य जुना प्रोसेसर काढला आणि त्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या स्वस्त, ४० जीबीच्या यंत्रात प्लेस्टेशन २ चे खेळ चालणं पूर्ण बंद. कारकुनाची खुर्चीच उचलली.

हाताच्या बाजूची गोष्ट त्याहून विचित्र. १९९७ पासून ड्युअलशॉक कंट्रोलर हातात थरथरायचा: गाडी आपटली, स्फोट झाला की तळव्याला कळायचं. प्लेस्टेशन ३ सोबत आलेल्या सिक्सॲक्सिसमध्ये ही थरथर नव्हती. कंट्रोलर तिरपा केला की ओळखणारे सेन्सर त्यात बसवले होते आणि थरथरीमुळे ते गोंधळतील, असं कारण दिलं गेलं. पण त्याच काळात इमर्शन या अमेरिकन कंपनीने थरथरीच्या पेटंटवरून सोनीवर खटला भरला होता, आणि २००४ मध्ये ज्युरीने ८.२ कोटी डॉलर भरपाईचा कौल दिला होता. मार्च २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली. नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये ड्युअलशॉक ३ आला. त्यात तेच तिरपेपणाचे सेन्सर होते आणि थरथरही. गोंधळ कुणाचा झाला नाही.

म्हणजे खेळ कसा लागायचा हे केवळ इंजिनिअर ठरवत नाहीत. कधी किंमत ठरवते, कधी कोर्ट.

हळूच सोडायचं बटण

हाताचं नुकसान बारीक असतं, म्हणून त्याची बातमी होत नाही. १९९८ च्या 'मेटल गिअर सॉलिड' मध्ये सायको मॅन्टिस नावाचा मनकवडा शत्रू आहे. तो सांगतो, कंट्रोलर जमिनीवर ठेव, आणि थरथरीच्या जोरावर तो खरोखर हलवून दाखवतो. तो आपली प्रत्येक चाल ओळखतो. त्याला हरवायची वाट म्हणजे उठून कंट्रोलरची वायर पहिल्या खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत लावणं. हिदेओ कोजिमाने खेळ टीव्हीतून बाहेर काढून आपल्या हॉलच्या फरशीवर आणला होता. आता वायरलेस कंट्रोलरच्या काळात खाचच नाही. प्रोग्रॅम चालवता येतो, पर्यायी बटणही देता येतं. पण गुडघ्यावर सरकत जाऊन वायर बदलणं आणि मेनूतून एक पर्याय निवडणं यांत तोच फरक आहे, जो पतंग उडवणं आणि पतंग उडताना बघणं यांत.

किंवा प्लेस्टेशन २ ची बटणं घ्या. किती जोराने दाबलं हे त्या बटणांना कळायचं. 'मेटल गिअर सॉलिड २' मध्ये चौकोन दाबून नेम धरायचा. झटकन सोडला की गोळी सुटायची, आणि हळूच सोडला की बंदूक खाली यायची. शत्रूला दम देऊन न मारता निघून जायचं असेल, तर ती दया अक्षरशः बोटाच्या हलकेपणात होती. २०१३ च्या ड्युअलशॉक ४ च्या बटणांना हा दाब कळत नाही. नंतर आलेल्या आवृत्त्यांत त्यासाठी दुसरं बटण जोडीने दाबावं लागतं. दया करता येते अजूनही, पण तिला आता दोन बटणं लागतात.

विटी-दांडूची तबकडी

आता माझा या सगळ्याशी संबंध. सांगलीला माझ्या आतेभावाकडे, आम्ही त्याला राजूदादा म्हणतो, प्लेस्टेशन २ होतं. तेव्हा सोनी भारतासाठी भारतात बनवलेले खेळ आणत होती. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' आला. त्यावरून वादही झाला: अमेरिकेतले राजन झेद यांचं म्हणणं होतं, की देवाला कंट्रोलरच्या बटणांनी नाचवणं हा त्याचा अवमान आहे. कंट्रोलर म्हणजे नेमकं काय करतो, यावर इतका गंभीर आक्षेप मी तरी दुसरा वाचलेला नाही.

त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्रने 'देसी अड्डा' काढला. कबड्डी, पतंग आणि गिल्ली-डंडा, म्हणजे आपला विटी-दांडू. राजूदादाने ती तबकडी आणली. खरं सांगायचं तर खेळ ग्रेट नव्हता. पण टीव्हीवर विटी उडालेली बघून आत्या स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मला दे बघू." तिने त्याआधी कंट्रोलर कधी हातात धरला नव्हता, आणि त्यानंतरही नाही.

ते यंत्र पुढे तबकडी वाचेनासं झालं आणि भंगारात गेलं. तबकडी राजूदादाने मला दिली. ती माझ्या कपाटात आहे, एक ओरखडा नाही. प्लेस्टेशन ४ आणि ५ प्लेस्टेशन २ च्या तबकड्या वाचत नाहीत. परदेशातले गाजलेले खेळ नव्याने सजवून पुन्हा विकले जातात, कारण त्यांना गिऱ्हाईक आहे. गाजले नाहीत त्यांचं काय? भारतीयांनी भारतीयांसाठी कन्सोलवर खेळ करून पाहिले, त्या पहिल्या प्रयत्नांचं काय? त्यांच्यासाठी जुनं यंत्र हाच एकमेव दरवाजा होता.

आता काय बदललंय

थोडं बरं बदललंय. प्लेस्टेशन ४ आणि ५ चे प्रोसेसर एकाच घराण्यातले आहेत आणि ५ च्या चिपमध्ये ४ सारखं वागायची सोय मुळातच आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये यंत्र आलं तेव्हा सोनीने सांगितलं, की ४००० हून अधिक जुन्या खेळांपैकी ९९ टक्के चालतील. नव्या ड्युअलसेन्स कंट्रोलरची थरथर पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक आहे: पावसाचे थेंब आणि वाळूवरची पावलं तळव्याला वेगळी कळतात. मागची ट्रिगर बटणं धनुष्याच्या दोरीसारखी बोटाला विरोध करतात. मधला टचपॅड मात्र जुन्यासारखाच ठेवला, म्हणून प्लेस्टेशन ४ च्या खेळांना तो सापडतो. जुना ड्युअलशॉक ४ प्लेस्टेशन ५ वर चालतो, पण फक्त जुन्या खेळांपुरता.

मायक्रोसॉफ्टने उलट वाट धरली. त्यांच्या २०२० च्या एक्सबॉक्सवर आधीच्या एक्सबॉक्स वनचा कंट्रोलर नव्या खेळांनाही चालतो. पण त्याच्याही आधीच्या, एक्सबॉक्स ३६० च्या वेळी गंमत झाली होती: नोव्हेंबर २०१५ पासून ३६० चे निवडक खेळ एक्सबॉक्स वनवर चालू लागले, ३६० चा कंट्रोलर मात्र नाही. आठवण आत, हात बाहेर.

जून २०२५ मध्ये आलेला निन्टेन्डोचा स्विच २ जुन्या स्विचचे बहुतेक खेळ चालवतो. पण जुन्या उजव्या जॉय-कॉनमध्ये एक इन्फ्रारेड कॅमेरा होता. नव्यात तो नाही. त्यामुळे ते वापरणाऱ्या खेळांना जुने जॉय-कॉनच जोडावे लागतात. 'रिंग फिट ॲडव्हेंचर' मधल्या व्यायामाच्या रिंगणातही जुनाच जॉय-कॉन बसतो. २०१९ च्या लॅबो संचातल्या पुठ्ठ्याच्या चष्म्यात तर नवं यंत्र मावतच नाही. चाळीस वर्षांनी गोष्ट पुन्हा पॉल्स व्हॉइसपाशी आली. फरक एवढाच, की या वेळी जुना कंट्रोलर जपून ठेवणाऱ्याला तो वापरता येतो.

आणि तुम्ही हे ज्यावर वाचताय तो फोन? सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिटची जुनी ॲप्स आयफोनवर चालेनाशी झाली. ज्यांच्या निर्मात्यांनी खेळ नव्याने बांधले नाहीत, ते खेळ एका अपडेटमध्ये गेले. पैसे भरलेले असोत वा नसोत.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याही सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. अभ्यासकांना असे खेळ दुरून वापरू देण्याची परवानगी ग्रंथालयांनी मागितली; ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. स्विच २ च्या काही खेळांच्या कार्डात तर आता खेळच नसतो, फक्त तो डाउनलोड करायची किल्ली असते. तो सर्व्हर बंद झाला, की हातात उरेल ती कुलपाशिवायची किल्ली.

मी संग्रहालय काढू शकत नाही. पण गेल्या महिन्यात राजूदादाला फोन केला आणि म्हटलं, विटी-दांडूत कुठल्या बटणाने काय व्हायचं ते सांग, मी लिहून ठेवतो. एवढं तरी राहील.

तो म्हणाला, विटी उडवायला चौकोन.

मी म्हटलं, नाही, फुली. मला चांगलं आठवतंय.

आम्ही पंधरा मिनिटं भांडलो. मग त्याने फोन आत्याकडे दिला. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "नाव कोण लक्षात ठेवतंय रे? अंगठा जिथं पडला तिथं दाबलं."

मी वहीत तिघांचीही उत्तरं लिहून ठेवली आहेत. कुणाचं बरोबर, हे सांगणारं यंत्र आता आमच्याकडे नाही. त्यामुळे कुणापुढेच फुली मारलेली नाही.